टेम्परेचर गेजचा काटा चुकतो तेव्हा

मोटारीच्या डॅशबोर्डवरचा टेम्परेचर गेज इंजिनाचे तापमान दाखवतो असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात तो इंजिनाभोवती फिरणाऱ्या कूलंटचे तापमान दाखवतो, आणि तेही सेन्सर जिथे बसवला आहे त्या एका जागेचे. काटा नको तिथे दिसू लागला तर दोन शक्यता उरतात. एक तर कूलंटचे तापमान खरोखर बिघडले आहे, किंवा तापमान ठीक असून ते मोजणारी आणि दाखवणारी यंत्रणा बिघडली आहे. पहिली शक्यता निकालात काढल्याशिवाय दुसरीकडे वळू नये. गॅरेजमध्ये अनेकदा नेमके उलटे घडते. सेन्सर स्वस्त असतो आणि बदलायला सोपा, म्हणून आधी तोच बदलला जातो. काटा तरीही वरच राहिला की मग वॉटर पंप आणि रेडिएटर आठवतो. तोवर हेड गॅस्केट गेलेले असू शकते, आणि त्या दुरुस्तीपुढे सेन्सरची किंमत काहीच नसते.

आधी योग्य तापमान म्हणजे किती हे माहीत हवे. बहुतेक मोटारींत कूलंटला रेडिएटरकडे सोडणारा थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह ८२ ते ८८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडू लागतो आणि रेडिएटरचा पंखा ९५ ते १०० अंशांच्या आसपास सुरू होतो. शहरातल्या गर्दीत कूलंट १०० अंशांच्या थोडे वर गेले तरी ते उकळत नाही. निम्मे पाणी आणि निम्मे इथिलीन ग्लायकॉल हे मिश्रण उघड्या भांड्यात सुमारे १०७ अंशांना उकळते; रेडिएटर कॅपने साधारण १ बारचा दाब धरून ठेवला की हाच उत्कलनबिंदू १२५ अंशांच्याही पुढे जातो. त्यामुळे १०२ हा आकडा दिसला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. कॅपचे रबर कडक होऊन दाब सुटत असेल, तर मात्र तेच १०२ अंश धोक्याच्या जवळचे ठरतात.

काट्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट वाहनधारकांना सहसा सांगितली जात नाही. नव्या गाड्यांतला काटा तापमानाबरोबर सरळ हलत नाही. तो थोडा जरी हलला तरी ग्राहक तक्रार घेऊन येतात, म्हणून कूलंट साधारण ७५ ते १०५ अंशांच्या पट्ट्यात कुठेही असले तरी काटा मधोमध स्थिर राहील अशी व्यवस्था अनेक कंपन्यांनी केलेली असते. याचा अर्थ असा, की नव्या गाडीचा काटा मध्य सोडून वर सरकू लागला तर प्रकरण बरेच पुढे गेलेले असते. जुन्या गाड्यांतला काटा प्रामाणिकपणे हलतो. कसारा किंवा आंबा घाटाच्या चढावर एसी चालू असताना तो थोडा चढावा आणि माथा ओलांडल्यावर परत खाली यावा, हे त्याच्या बाबतीत निरोगीपणाचे लक्षण आहे. तिथे बिघाड शोधत बसू नये. अनेक छोट्या गाड्यांत तर काटाच नसतो. थंड इंजिनासाठी निळा दिवा आणि तापलेल्या इंजिनासाठी लाल दिवा एवढ्यावर काम भागवलेले असते. खालील तपासण्या त्या गाड्यांनाही लागू पडतात, फक्त काट्याच्या जागी दिवा समजावा.

गाडीत कोणत्या प्रकारचा गेज आहे त्यावर तपासणीची पद्धत ठरते. जुन्या जीप, ट्रॅक्टर आणि काही व्हिंटेज मोटारींत विजेचा संबंधच नसलेला गेज आढळतो. इंजिनात बसवलेल्या छोट्या बल्बमध्ये चटकन वाफ होणारा द्रव असतो, आणि त्याचा दाब केसासारख्या बारीक तांब्याच्या नळीतून काट्यापर्यंत पोहोचतो. ही नळी मुडपली किंवा तुटली की गेज संपला. त्याची घरगुती दुरुस्ती होत नाही, पूर्ण संच बदलावा लागतो. त्यानंतरच्या पिढीत एकाच वायरीचा सेंडर आला. तापमान वाढेल तसा याचा विद्युतरोध कमी होतो, त्यातून जास्त प्रवाह वाहतो आणि काटा वर जातो. प्रवाहाची परतीची वाट इंजिनाच्या धातूतूनच असते. आजच्या गाड्यांत दोन वायरींचा सेन्सर असतो. तो इंजिनाच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला माहिती देतो आणि ईसीयू ती मीटर क्लस्टरकडे पाठवतो. इथे सेन्सरचे काम काटा हलवण्यापुरते राहत नाही. पेट्रोल किती सोडायचे, स्पार्क कधी द्यायचा, पंखा कधी लावायचा हे सगळे त्याच आकड्यावर ठरते. म्हणूनच या गाड्यांत सेन्सर बिघडला की काट्याबरोबर सकाळची स्टार्टिंग बिघडते, मायलेज घटते आणि कित्येकदा पंखा अखंड फिरत राहतो. काही गाड्यांत ईसीयूसाठी एक आणि गेजसाठी दुसरा असे दोन स्वतंत्र सेन्सर असतात. चुकीचा बदलून पैसे वाया जाण्याची ही नेहमीची जागा.

तपासणीची सुरुवात थंड इंजिनावर, शक्यतो रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर करावी. रेडिएटर कॅप किंवा दाबाखालच्या टाकीचे झाकण गरम इंजिनावर कधीही उघडू नये. दाब सुटताच आतले कूलंट क्षणात उकळून तोंडावर, हातावर उडते. थंड असताना झाकण उघडून पातळी पाहावी. केवळ बाजूच्या प्लॅस्टिकच्या डब्यात कूलंट दिसते म्हणून रेडिएटर भरलेला आहे असे मानू नये. नळी तुंबलेली किंवा कॅप निकामी असेल, तर डबा भरलेला आणि रेडिएटर रिकामा अशी स्थिती सहज उद्भवते.

पातळी पाहण्यावर इतका भर देण्याचे कारण गंभीर आहे. कूलंट बरेच कमी झाले की सेन्सरचे टोक उघडे पडते. मग त्याच्याभोवती हवा किंवा वाफ असते आणि तो खऱ्यापेक्षा कमी तापमान कळवतो. काटा मधोमध, कधी त्याहूनही खाली, आणि इंजिन आतून जळत असते. गेजच्या सगळ्या चुकांमध्ये ही सर्वांत घातक, कारण ती चालकाला निर्धास्त ठेवते. चढता काटा एकदम खाली आला, हिटरमधून येणारी गरम हवा अचानक थंड झाली, किंवा बॉनेटमधून गोडसर वास आला, तर काटा काहीही सांगत असो, गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. काटा लाल पट्ट्यात गेला आणि गेज बिघडला असल्याचा संशय असला, तरी रस्त्यावर असताना काट्यावर विश्वास ठेवणेच शहाणपणाचे. एसी बंद करावा, सुरक्षित जागा मिळेपर्यंतच्या थोड्या अंतरात हिटर पूर्ण गरमवर लावावा, थांबल्यावर इंजिन बंद करून अर्धा-पाऊण तास तरी झाकणाला हात लावू नये. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतण्याची सवय अॅल्युमिनियमच्या हेडला तडा देऊ शकते.

पातळी ठीक असेल तर इंजिन सुरू करून खरे तापमान गेजला न विचारता मोजावे. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे रेडिएटरच्या दोन नळ्या. इंजिन तापू लागले की वरची नळी काही काळ कोमट राहते आणि थर्मोस्टॅट उघडताच झपाट्याने गरम होते; खालची नळी त्यामागून. पहिल्या मिनिटापासून दोन्ही नळ्या बरोबरीने, हळूहळू तापत असतील तर थर्मोस्टॅट उघडाच अडकला आहे किंवा जागेवर नाहीच. वरची नळी चटका देते आणि खालची थंडगार, असे असेल तर थर्मोस्टॅट बंद अडकला आहे, रेडिएटर चोंदला आहे किंवा पंप पाणी फिरवत नाही. या दुसऱ्या स्थितीत वर गेलेला काटा खरे तेच सांगत असतो. नळ्यांना हात लावताना पंख्यापासून सावध राहावे, इलेक्ट्रिक पंखा इंजिन बंद असतानाही फिरू लागतो.

इन्फ्रारेड थर्मामीटर, ज्याला बाजारात टेम्परेचर गन म्हणतात, तो थर्मोस्टॅटच्या झाकणावर रोखला की अंदाज अधिक नेमका येतो. चकाकणाऱ्या अॅल्युमिनियमवर ही गन खऱ्यापेक्षा बरीच कमी तापमान दाखवते. म्हणून तिथे आधी काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवावा आणि त्यावर नेम धरावा. धातूच्या पृष्ठभागाचे तापमान आतल्या कूलंटपेक्षा काही अंशांनी कमीच येणार, हे गृहीत धरून चालावे.

ओबीडी सॉकेट, म्हणजे ईसीयूची माहिती वाचण्यासाठीचे सॉकेट, असलेल्या गाडीत स्कॅनरइतका उपयोगी दुसरा साथीदार नाही. मोबाइलला ब्लूटूथने जोडणारा साधा अॅडॉप्टरही कूलंटचे तापमान थेट आकड्यात दाखवतो. रात्रभर उभ्या गाडीत इंजिन सुरू न करता इग्निशन ऑन करावे आणि कूलंटचे तापमान, आत येणाऱ्या हवेचे तापमान आणि बाहेरचे तापमान ताडून पाहावे. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. बाहेर २४ अंश असताना कूलंट ५५ दाखवत असेल, तर दोष सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरींत. यानंतर इंजिन चालवून स्कॅनरचा आकडा आणि काटा यांची तुलना करावी. स्कॅनरवर ९२ आणि काटा तळाशी असेल तर ईसीयूचा सेन्सर निर्दोष आहे, बिघाड क्लस्टरमध्ये, त्याच्याकडे जाणाऱ्या वाटेवर किंवा गेजसाठी वेगळा सेन्सर असल्यास त्यात आहे. या एका तुलनेने निम्मे काम संपते. ईसीयूने नोंदवलेले कोडही बोलके असतात. पी ०११८ म्हणजे सेन्सरचे सर्किट तुटलेले, पी ०११७ म्हणजे कुठेतरी शॉर्ट, पी ०११९ म्हणजे अधूनमधून सुटणारा संपर्क. पी ०१२८ हा कोड मात्र मुख्यतः थर्मोस्टॅटकडे बोट दाखवतो. तो पाहून सेन्सर बदलणे व्यर्थ.

थर्मोस्टॅटचा विषय निघाला आहे तर एका वाईट प्रथेबद्दल सांगितले पाहिजे. गाडी तापते अशी तक्रार आली की थर्मोस्टॅट काढून टाकणे हा आपल्याकडच्या कित्येक गॅरेजांतला ठरलेला इलाज आहे. काटा खाली येतो, गिऱ्हाईक खूश होते आणि मूळ दोष तसाच राहतो. अशा गाडीत हायवेवर काटा तळाशी आणि शहरात वर-खाली अशी लक्षणे दिसतात. इंजिन कायम थंडच आहे असे समजून ईसीयू जादा पेट्रोल सोडत राहतो, ऑइलही हव्या त्या तापमानाला पोहोचत नाही. जुनी गाडी विकत घेतल्यावर तिचा काटा कधीच मध्यावर येत नसेल, तर गेजच्या आधी थर्मोस्टॅटचे झाकण उघडून तो जागेवर आहे का ते पाहावे. हिवाळ्यात नागपूर-अमरावतीकडे ही खूण जास्त ठळक दिसते.

तापमान ठीक आहे अशी खात्री झाली, आणि काटाच चुकतो आहे हे ठरले, की मग विजेकडे वळावे. काटा कसा चुकतो यावरून जागेचा अंदाज बांधता येतो. इग्निशन ऑन करताच, थंड इंजिनावरही, काटा थेट लाल पट्ट्यात जात असेल तर एकवायरी पद्धतीत सेंडरची वायर कुठेतरी सोलली जाऊन बॉडीला टेकली आहे. काटा जागचा हलतच नसेल तर वायर तुटलेली किंवा कपलर, म्हणजे वायरीचा जोड, निघालेला. खड्ड्यांवर काटा उड्या मारत असेल तर कपलर सैल. हेडलाइट किंवा एसीचा ब्लोअर लावताच काटा सरकत असेल तर अर्थिंग खराब. बॅटरीपासून बॉडीकडे आणि इंजिनाकडे जाणाऱ्या जाड पट्ट्या सोडून, घासून, पुन्हा घट्ट बसवाव्यात. पेट्रोलचा आणि तापमानाचा असे दोन्ही काटे एकदम चुकू लागले तर सेंडरला हात लावण्याची गरज नाही. जुन्या गाड्यांत या दोन्ही गेजना सुमारे १० व्होल्ट देणारा एकच स्टॅबिलायझर असतो. त्याचे अर्थिंग गेले की पूर्ण १२ व्होल्ट पोहोचतात आणि दोन्ही काटे जास्त दाखवतात. फ्यूज गेला तर दोन्ही मेलेले दिसतात.

वायरींच्या बाबतीत आपल्याकडचे दोन शत्रू ठरलेले आहेत. उंदीर हा पहिला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आठवडाभर उभ्या असलेल्या गाडीत इंजिनावरच्या बारीक वायरी कुरतडलेल्या सापडणे नेहमीचेच, आणि सेन्सरच्या वायरी तर हाताशीच असतात. दुसरा शत्रू दमट खारी हवा. मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात कपलरच्या पिनांवर हिरवट थर चढतो. तो कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून पुन्हा जोडताच कित्येक गेज नव्यासारखे चालू लागतात. सेन्सर विकत घेण्याआधी एवढे तरी करून पाहावेच.

एकवायरी सेंडरची चाचणी अगदी साधी आहे. इंजिन बंद, इग्निशन ऑन. सेंडरची वायर काढावी. काटा थंड बाजूला जायला हवा. मग वायरीचे टोक एक-दोन सेकंदच इंजिनाच्या स्वच्छ धातूला टेकवावे. काटा गरम बाजूकडे झेपावला पाहिजे. तो टोकाला जाऊ लागताच वायर उचलावी, जास्त वेळ धरल्यास गेजचे गुंडाळे जळू शकते. काटा दोन्ही वेळा बरोबर हलला तर गेज आणि वायर ठीक, सेंडर दोषी. हलला नाही तर सेंडर निर्दोष, दोष वायरीत किंवा गेजमध्ये. ही चाचणी ईसीयूच्या दोनवायरी सेन्सरवर करू नये. तिथे मल्टिमीटर वापरावा. कपलर काढून इग्निशन ऑन केल्यावर कपलरच्या दोन पिनांमध्ये साधारण ५ व्होल्ट मिळायला हवेत. मिळत नसतील तर दोष सेन्सरच्या बाहेर, बहुधा वायरींत आहे. मिळत असतील तर लक्ष सेन्सरकडे. कपलर काढल्यामुळे अनेकदा पंखा जोरात सुरू होतो आणि एक कोड नोंदवला जातो. काम झाल्यावर तो स्कॅनरने पुसून टाकावा.

सेन्सरची खरी परीक्षा पातेल्यात होते. सेन्सर सोडवून त्याचे टोक पाण्यात बुडवावे, शेजारी थर्मामीटर ठेवावा, मल्टिमीटर ओहमवर लावून पाणी तापवत जावे. अनेक दोनवायरी सेन्सरांत २० अंशांना अडीच किलोओहमच्या आसपास, ८० अंशांना सुमारे ३०० ते ३५० ओहम आणि १०० अंशांना २०० ओहमच्या थोडे खाली असे आकडे येतात. नेमके आकडे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावेत. एकवायरी सेंडरचे आकडे निराळे असतात. आकड्यांपेक्षाही उतार महत्त्वाचा, रोध सलग घटत गेला पाहिजे. मध्येच उडी आली किंवा वाचन गायब झाले तर सेन्सर बाद. थर्मामीटर नसल्यास उकळी हीच खूण धरायची पद्धत आहे, पण उंचीप्रमाणे उत्कलनबिंदू उतरतो. पुण्यात पाणी साधारण ९८ अंशांना आणि महाबळेश्वरात ९५-९६ अंशांना उकळते. उकळी म्हणजे १०० असे धरून पुण्यात सेन्सर तपासला तर चांगला सेन्सर वाईट ठरण्याची शक्यता राहते.

सोडवलेल्या सेन्सरच्या टोकावर पांढरा किंवा विटकरी थर दिसला तर कारण बहुधा रेडिएटरमध्ये घातलेले बोअरचे पाणी. त्यातले क्षार सेन्सरवर बसतात, काटा उशिरा हलू लागतो, आणि तोच थर रेडिएटरच्या नळ्यांतही बसलेला असतो. अशा वेळी सेन्सर बदलून थांबू नये. सिस्टिम फ्लश करून डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाण्यात मिसळलेले, कंपनीने सांगितलेल्या प्रकारचेच कूलंट भरावे. वेगळ्या प्रकारची कूलंट एकत्र केल्यास काही वेळा गाळ तयार होतो, आणि नुसता रंग जुळला म्हणून प्रकार जुळत नाही.

नवा सेन्सर पार्ट नंबर जुळवूनच घ्यावा. आटे जुळले, कपलर बसला, तरी आतला उतार वेगळा असू शकतो आणि मग काटा कायम थोडा वर किंवा खाली राहतो. एकवायरी सेंडरच्या आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळू नये. त्याचे अर्थिंग त्या आट्यांतूनच मिळते. बसवताना जोर लावू नये, ज्यात तो बसतो ते अॅल्युमिनियमचे झाकण तडकते. नंतर कूलंट भरून, हिटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवावे आणि एअर ब्लीड स्क्रू असल्यास तो सोडून हवा काढावी. आत हवा राहिली तर नवा सेन्सरही खोटेच बोलेल. थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहावी.

हे सगळे निर्दोष निघाले तरच संशय क्लस्टरवर घ्यावा. आधुनिक काटा छोट्या स्टेपर मोटरवर फिरतो. अनेक गाड्यांत इग्निशन ऑन करताच सगळे काटे एकदा टोकाला जाऊन परत येतात. त्या वेळी बाकीचे फिरले आणि हा अडला तर मोटर किंवा तिची डाग दिलेली जोडणी सुटली आहे. मीटर दुरुस्त करणारा कारागीर ती मोटर सुटी बदलून देतो, पूर्ण क्लस्टर घेण्याची घाई करू नये. घ्यावाच लागला आणि तो जुन्या बाजारातला असेल, तर त्यात दुसऱ्या गाडीचे किलोमीटर नोंदवलेले असतात. काढताना आणि बसवताना दोन्ही आकडे बिलावर लिहून घ्यावेत, अन्यथा गाडी विकताना खुलासा करणे अवघड जाते.